सहावीच्या वर्गासाठी आमदारकी

बेबीताई आमदारकीला उभी राहिली ती सहावीच्या वर्गासाठी.

चिंचटेंभ्यात हे कुणालाही विचारा, तो आधी हसेल. मग हसता हसता त्याचा चेहरा जरा ओशाळा होईल, कारण त्यानं बेबीताईला मत दिलेलं नसणार. चिंचटेंभ्यात ते फार थोड्यांनी दिलं.

हे गाव बीबी या मोठ्या गावाच्या पलीकडे, डांबर संपतं तिथून आत. झेडपीची शाळा आहे, पण पाचवीपर्यंत. पाचवी झाली की पोरं वरच्या आळीतल्या हिंमतरावांच्या मॅजिक गाडीत बसून बीबीच्या हायस्कुलात जातात आणि पोरी घरी बसतात. असा काही ठराव झालेला नाही, कुणी पोरींना हाकललेलंही नाही. पण गाडीत पोरं अशी कोंबलेली असतात की अर्धी आत आणि अर्धी हवेत. पोरीला तिच्यात बसवायला कोणत्या आईचं मन धजेल? बेबीताई तिच्या माहेरी अशीच पाचवीनंतर घरी बसली. तिची पोरगी मयुरी पाचवीनंतर घरी बसली. आता मयुरी नवऱ्याबरोबर चाकणला कंपनीत जाते आणि तिची मंजुश्री इकडे आजीजवळ शिकते. मंजुश्री चौथीत गेली त्या वर्षी एका सकाळी बेबीताईनं भाकर थापता थापता नवऱ्याला विचारलं,

"मयुरीचे बाबा, ही पोरगी पाचवी झाल्यावर काय करन?"

प्रेमानंद गवंडी. त्याच्या हातची भिंत ओळंब्याला सरळ असते, पण बोलणं जरा तिरपं. तो म्हणाला, "काय करन? तुह्यासंगं वावरात निंदाले येईन. तुले सोबत."

तो गमतीनं बोलला होता. पण बेबीताई हसली नाही, आणि ती हसली नाही की पुढचे चार-सहा महिने आपले राहत नाहीत, हे प्रेमानंदला लग्नापासून ठाऊक होतं.

ती शिक्षणाच्या ऑफिसात गेली. मोपेड प्रेमानंदची, मागे ती. टेबलामागच्या साहेबांनी ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता, फक्त त्याला जेवायला जायचं होतं. तो म्हणाला, "सहावीचा वर्ग जोडायचा म्हणजे वजन लागतं बाई. आमदारांचं पत्र आणा."

"मंग आणतो."

"आता कसं आणाल? आचारसंहिता लागली. आता आमदार म्हणून कोणी पत्र देत नाही. निवडणूक होऊ द्या. जो निवडून येईल त्याचं पत्र आणा."

"जो बी निवडून येईन त्याचं चालते?"

"हो, कोणाचंही चालतं."

बेबीताई पदर खोचून म्हणाली, "मंग मीच उभी राहतो."

साहेब हसले, शिपाई हसला. बाहेर मोपेडला किक मारून मारून दमलेल्या प्रेमानंदला ती हे सांगायला लागली तेव्हा तोही हसणार होता, पण त्यानं तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि निमूट आणखी एक किक मारली.

मतदारसंघ राखीव, आणि जातीचा दाखला तिच्याकडे होता. डिपॉझिटसाठी दोन बकऱ्या गेल्या. अपक्षाला दहा सूचक लागतात; बौद्ध वस्तीतले नऊ मिळाले आणि दहावी सही प्रेमानंदनं केली, ती घरात शांतता राहावी म्हणून. चिन्ह मिळालं हेलिकॉप्टर. ज्या बाईच्या गावाला एसटी येत नाही तिला सरकारनं हेलिकॉप्टर दिलं, यावर पारावर आठवडाभर चहा खपला. "प्रेमानंद, हेलिकॉप्टरमध्ये पेट्रोल टाकलं का बे?" असं कुणी विचारलं की प्रेमानंद म्हणायचा, "टाकलं, पण पंक्चर हाय." त्याला वाटत होतं, आपणच आधी हसलो की लोकांचं हसणं कमी लागतं.

प्रचार कसा करायचा हे दोघांनाही माहीत नव्हतं. बाकी उमेदवारांकडे गाड्यांचे ताफे, भोंगे, गळ्यात दुपट्टे घातलेली पोरं. त्यांचा ताफा गावात शिरला की आधी धूळ यायची, मग गाणं यायचं, मग उमेदवार. बेबीताईची मोपेड शिरली की कुत्रं भुंकायचं आणि थोड्या वेळानं तेही गप्प व्हायचं. पहिल्या गावात ती एका दारापुढे जाऊन उभी राहिली आणि भाषणच विसरली. घसा कोरडा पडला. समोर ओसरीवर एक बाई सोयाबीन पाखडत बसली होती. बेबीताईच्या तोंडून एवढंच निघालं,

"बाई, थोडं पाणी द्या."

बाईनं पाणी दिलं. पाणी देणाऱ्याला विचारावंच लागतं, कुठच्या तुम्ही, उन्हाच्या कुठं निघाल्या. मग बेबीताईनं सांगितलं की मी आमदारकीले उभी हाय, आणि बाईच्या हातातलं सूप जागच्या जागी थांबलं.

तेव्हापासून तिनं तेच धरलं. कुठल्याही गावात, कुठल्याही दारात, आधी पाणी. ना नमस्काराचा फ्लेक्स, ना हातात पत्रक. आणि माणसानं दहा दारी पाणी प्यायलं की पुढे काय होतं, ते काही कोणत्या पक्षाच्या जाहीरनाम्यात लिहिलेलं नसतं. अकराव्या दारी बेबीताई हळूच विचारायची, "बाई, संडास-बाथरूम हाय का?"

प्रेमानंद गल्लीच्या तोंडाशी मोपेडवर बसून हे पाहायचा. पहिल्या दिवशी त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उमेदवारानं मत मागावं. ही बाई लोकांच्या घरी संडास मागते. पण चार गावं झाल्यावर त्याच्या लक्षात एक गोष्ट आली आणि तो मोपेडवर सावरून बसला. बाकीचे उमेदवार, कितीही मोठे असोत, ओसरीपर्यंत जायचे. तिथं घरधनी त्यांच्या गळ्यात हार घालायचा, फोटो निघायचा, ताफा पुढे जायचा. घरातल्या बायका दाराच्या फटीतून पाहायच्या. बेबीताई मात्र ओसरी ओलांडून, माजघरातून, चुलीपासून, थेट परसात पोहोचायची. परसात बायका असायच्या. तिथं ती हात धुवायची, आणि हात धुता धुता जे बोलणं व्हायचं ते एकाही सभेत होत नव्हतं. कुणाची पोरगी कितवीत, कुणाची कधी बसवली, का बसवली, बसवल्यावर ती रडली का.

"लय टाइम लागला," प्रेमानंद कुरकुरायचा.

"बाया बोलत होत्या."

"मत देतो म्हणल्या का?"

"मी विचारलंच नाही."

प्रेमानंदनं कपाळावर हात मारला. पण तो गवंडी होता. योजनेतून आलेले या भागातले अर्धे संडास त्याच्या हातचे. तो आता सकाळी निघतानाच सांगू लागला, "त्या गावात खालच्या आळीत जाऊ नको, तिथं नुसता खड्डा हाय, वर लाकडं रचली हायेत. वरच्या आळीत चालू हायेत." हा प्रचारातला त्याचा वाटा. असा वाटा उचललेला दुसरा पती मतदारसंघात नसावा.

मोपेड पार हिवरा आश्रमापर्यंत जाऊन आली. येताना बेबीताई म्हणाली, "इतक्या दारी पाणी पेलं, एकानं नाही म्हणलं नाही." कुणी गिलास हातात दिला होता, कुणी खाली ठेवून सरकवला होता, कुणी वरून धार धरली होती. ते त्यानं गल्लीच्या तोंडावरून पाहिलं होतं आणि तिनं तर तळहातावर पाहिलं होतं. दोघांनीही ते पाहिलं नसल्यासारखं केलं. मोपेड उतारावर आपोआप पळत होती.

निकाल लागला. नोटाला बेबीताईपेक्षा जास्त मतं पडली. पारावर कुणीतरी म्हणालं की नोटा निदान कुणाच्या घरी जाऊन पाणी मागत नाही. प्रेमानंदही हसला, कारण गोष्ट हसण्यासारखी होती. मात्र घरी बेबीताई एकाच आकड्यावर अडून बसली होती. लांबच्या गावांत, जिथं तिला कुणी ओळखत नव्हतं, तिथं पाच, सात, कुठं दहा-बारा अशी मतं निघाली होती. चिंचटेंभ्याच्या पेटीत मात्र आपल्या वस्तीत मोजून होती तेवढीच निघाली, बाहेरचं एकही नव्हतं.

"गावानं काऊन नाही देल्लं?" तिनं विचारलं. राग नव्हता, ती खरोखर विचार करत होती.

प्रेमानंद थापी धूत होता. म्हणाला, "तू गावात पाणी मांगतलं का?"

खरंच, साऱ्या मतदारसंघात दारोदार फिरलेली बाई स्वतःच्या गावात वरच्या आळीत गेलीच नव्हती. परक्या गावात कोण कसं पाणी देईल ते माहीत नसतं, म्हणून मागता येतं. आपल्या गावात कोण कसं देईल ते आधीपासून माहीत असतं.

नवे आमदार निवडून आले. त्यांचं पत्र मिळायला वेळ लागला, पण मिळालं. ते घेऊन ती पुन्हा त्याच टेबलापुढे उभी राहिली. साहेबांनी पत्र वाचलं, उलटून पाहिलं आणि म्हणाले, "छान. पण याच्यासंगे शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव कुठं आहे? आधी ठराव लागतो. मागणी शाळेकडून यायला पाहिजे ना बाई."

"हे पहिले काऊन नाही सांगितलं?"

"तुम्ही आमदारकीला उभं राहायला निघाल्या होत्या," साहेब म्हणाले. "मी काय बोलणार?"

म्हणजे जी गोष्ट गावच्या शाळेच्या बैठकीत व्हायची, तिच्यासाठी बेबीताई थेट मुंबईच्या विधानसभेवर चालून गेली होती. मोपेडवर बसता बसता तिलाच हसू फुटलं, आणि ती इतकी हसली की प्रेमानंदला गाडी बाजूला घ्यावी लागली. "घराची चावी हरवली तं मी रेल्वेचं इंजिन चोराले गेली," ती डोळे पुसत म्हणाली. प्रेमानंदनं तिला इतकं हसताना फार वर्षांत पाहिलं नव्हतं.

शाळा व्यवस्थापन समिती म्हणजे पालकांनी पालकांतून निवडलेली समिती. निम्म्या बायका असल्याच पाहिजेत, अध्यक्ष पालकच पाहिजे. हे झालं कायद्याचं. चिंचटेंभ्याची रीत निराळी. दर दोन वर्षांनी पालकसभा भरायची, हिंमतराव खुर्चीत बसायचे, एक नाव घ्यायचे, लोक टाळ्या वाजवायचे, मग चिवडा. नाव घरातलं किंवा भावकीतलं. ज्यांच्या दोन गाड्या पाचवीपुढच्या पोरांना बीबीला नेतात, त्यांच्या घरातल्या अध्यक्षानं सहावीचा वर्ग मागावा, असं कुणी कधी म्हटलं नाही. हिंमतराव माणूस दुष्ट नव्हे. कुणाच्या घरी मयत झालं तर त्यांचीच गाडी आधी यायची. फक्त त्यांना गावातली प्रत्येक गोष्ट आपल्या ओसरीवरून निघालेली बरी वाटायची.

या वेळी त्यांनी सुनेचं नाव ठरवलं होतं. वंदना. तिची छकुली मंजुश्रीच्याच वर्गात, पाचवीत.

बेबीताई मंजुश्रीची पालक म्हणून अध्यक्षपदाला उभी राहणार हे कळल्यावर हिंमतराव पारावर म्हणाले, "मुंबईले निघाली होती, शाळेच्या वट्ट्यावर उतरली. आता बालवाडीले उभी राहीन." लोक हसले. ते प्रेमानंदच्या कानावर आलं. या वेळी त्याला आधी हसणं सुचलं नाही.

पालकसभेच्या चार दिवस आधी बेबीताई चांगलं लुगडं नेसली आणि म्हणाली, "चला. वरच्या आळीत."

"मंग मी कायले? मोपेड तं लागत नाही, चालत जाचं हाय," प्रेमानंद म्हणाला.

"तुम्ही नुसते उभे राहा."

प्रेमानंद चालत निघाला. रस्ता त्याच्या पायाखालचा, पण त्या दिवशी त्याला पायाखाली काही लागत नव्हतं.

पहिल्या घरी बाई दारात आली. "पाणी द्या बाई" म्हटल्यावर ती आत गेली आणि बराच वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला, कुठला गिलास घ्यावा याचा. शेवटी सीलबंद बाटली घेऊन आली. बाटलीला झाकण असतं, ती आपली आपण फोडायची. देणाऱ्यानं कसं दिलं हा सवालच उरत नाही. दुसऱ्या घरी "पाणी काऊन, च्या घे ना" म्हणून कागदी कपात चहा आला. पिऊन झाल्यावर कप चुलीत. या कागदी कपानं आणि प्लास्टिकच्या बाटलीनं गावचे किती जुने प्रश्न न सोडवता मिटवले, ते प्रेमानंदला त्या सकाळी पहिल्यांदा दिसलं. बेबीताईनं चहा घेतला, बाटली घेतली, दोन्ही ठिकाणी "मंजुश्रीच्या सहावीसाठी उभी हाय" असं सांगितलं. तिसऱ्या घरच्या बाईनं मात्र रांजणात गिलास बुडवला आणि सरळ हातात दिला. ती बाई बोरगावाकडून नवी आलेली. तिला गावचं काही माहीत नसावं, किंवा माहीत असूनही तिनं मानलं नसावं.

मग हिंमतरावांचं घर.

या घराशी प्रेमानंदचं नातं न्हाणीघराचं होतं. तीन वर्षांमागे त्यानंच ते बांधलं. संडास, बाथरूम, निळ्या फरश्या, कोपऱ्याचा उतार, सगळं त्याच्या हातचं. महिनाभर तो रोज त्या घरात येत होता, म्हणजे मागच्या बोळीतून परसात. पुढच्या दरवाज्यातून या घरात काय काय आहे, देव्हारा कुठं, टीव्ही कुठं, त्याला माहीत नव्हतं. कुणी त्याला नको म्हटलं नव्हतं. सिमेंटही बोळीतून आलं होतं, तोही बोळीतून आला होता.

हिंमतराव ओसरीवर खुर्चीत होते. "या आमदारीणबाई," ते म्हणाले. "प्रेमानंद, तू फाटकाशी काऊन उभा?"

"ठीक हाय भाऊ इथी," प्रेमानंद म्हणाला.

"भाऊ, पाणी द्या," बेबीताई म्हणाली.

हिंमतरावांनी आत हाक दिली, "अरे, बाटली आणा एक."

"बाटली नको भाऊ. घरातलं द्या."

हिंमतराव हसायचे थांबले. चिडले असं नाही. बेबीताई पायरीपाशी उभी होती, हात पोटाशी, जशी हिवरा आश्रमापर्यंतच्या प्रत्येक दारात उभी राहिली होती तशीच.

आतून वच्छलाबाई आल्या, हिंमतरावांची आई. कमरेत वाकलेल्या, हातात तांब्या आणि पितळी पेला. बेबीताई नवी नवरी होऊन या गावात आली तेव्हा याच वच्छलाबाईच्या खळ्यावर मळणीला यायची. तेव्हा वच्छलाबाई वरून धार धरायच्या आणि बेबीताई ओंजळीनं प्यायची. अर्धं पाणी कोपरावरून गळून जायचं.

म्हातारी पायरीपर्यंत आली. तांब्यातून पेल्यात पाणी ओतलं, थोडं सांडलं. मग पेला पुढे धरला. खाली ठेवला नाही.

"धर ना. माहा हात दुखते," ती म्हणाली.

बेबीताईनं पेला हातातून हातात घेतला. वच्छलाबाईंची बोटं तिच्या बोटांना लागली. बेबीताई सगळं पाणी प्यायली, एका दमात, आणि पेला पुन्हा म्हातारीच्या हातात दिला. प्रेमानंदला वाटलं, झालं, आता ही मागे फिरेल. तिनं तोंड पुसलं आणि विचारलं,

"माय, बाथरूम कुठी हाय?"

"मांगून जा," हिंमतराव चटकन म्हणाले, "बोळीतून. प्रेमानंदले माहीत हाय."

"बोळीत गुडघाभर चिखल हाय," वच्छलाबाई म्हणाल्या. "बाईमाणूस त्यातून जाईन का? चाल वं, घरातून."

आणि बेबीताई पायरी चढली, ओसरी ओलांडली आणि पुढच्या दरवाज्यातून आत गेली.

प्रेमानंद फाटकाला धरून उभा राहिला. त्या घरातली प्रत्येक निळी फरशी त्यानं गुडघ्यावर बसून बसवली होती, आणि त्याची बायको आता त्या फरशीकडे देव्हाऱ्यासमोरून चालत निघाली होती. मुंबईच्या विधानभवनाच्या पायऱ्या ती चढली असती तरी त्यानं फाटक इतकं घट्ट धरलं नसतं. तिला ही हिंमत कुठून येते, हे त्याला लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी कळलेलं नव्हतं. त्या क्षणी तर आपण या बाईला ओळखतो की नाही, इथूनच त्याला शंका आली.

ती बराच वेळ बाहेर आली नाही. ओसरीवर हिंमतराव आणि फाटकाशी प्रेमानंद, दोघंच.

"नळाखालची फरशी हलून राह्यली," शेवटी हिंमतराव म्हणाले.

"सिमेंट कमी देल्लं होतं तुम्ही."

"हं," हिंमतराव म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "एवढा टाइम काय करते ही?"

"हात धुते," प्रेमानंद म्हणाला.

परसात काय बोलणं झालं ते बेबीताईनं परतताना सांगितलं. वंदना तिथं कपडे धूत होती. तिच्या छकुलीला पाचवी झाल्यावर चिखलीला मामाकडे ठेवायचं ठरलं होतं. का, तर बीबीला मॅजिकमधून पाठवायची म्हणजे तिच्यात सारी पोरं. आजोबांनाच ते बरं वाटत नव्हतं.

"त्याईचीच गाडी," प्रेमानंद म्हणाला.

"त्याईचीच. वंदना रडत होती. आठ दिवस झाले, पोरगी आईजवळून उठत नाही म्हणे."

"मत देतो म्हणली का?"

बेबीताईनं त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं पुढे विचारलं नाही.

पालकसभा शाळेच्या मोठ्या खोलीत भरली. पुरुष पुढे सतरंजीवर, बायका मागे भिंतीला टेकून. हिंमतराव खुर्चीत. चिवड्याची पातेली कोपऱ्यात झाकलेली. मुख्याध्यापक सरांनी कायदा वाचला. कुणी ऐकला नाही. हिंमतरावांनी नाव घेतलं, "वंदना." टाळ्यांसाठी हात उचलले गेले होते, एवढ्यात सरांनी खाली पाहत विचारलं, "आणखी कोणी?"

"मी हाय," बेबीताई मागून म्हणाली.

मग हात वर करण्याची वेळ आली. आधी वंदनासाठी. पुढच्या सतरंजीवरचे हात पटापट वर गेले. मागच्या भिंतीवरचे एकदोन गेले, बाकी पदरात राहिले. सरांनी मोजलं. मग ते म्हणाले, "बेबीताईंसाठी."

प्रेमानंदनं हात वर केला. वस्तीतल्या चौघांनी केला. त्यापुढे खोलीत काहीच हललं नाही. झाकलेल्या पातेल्याभोवती माशी घोंघावत होती, तिचा आवाज येत होता. आमदारकीच्या निकालाला प्रेमानंद घाबरला नव्हता, कारण तिथं हरायचंच होतं. इथं मंजुश्री खिडकीला नाक लावून आत पाहत होती.

मागे एक हात वर गेला. हिरव्या बांगड्यांचा. वंदनाचा.

सरांना वाटलं, तिला काही विचारायचं आहे. "बोला," ते म्हणाले.

"बोलाचं नाही सर. हात हाय," वंदना म्हणाली.

हिंमतराव खुर्चीत अर्धे वळले. "सूनबाई, तुह्यं झालं. आता बेबीचं चालू हाय."

"हाव मामाजी. बेबीकाकूसाठीच."

ती बोलली हळूच, पण खोलीतल्या प्रत्येकाला ऐकू गेलं. तिच्या शेजारची, ती रांजणातून गिलास भरून देणारी, तिनं हात वर केला. मग सीलबंद बाटलीवाली. तिचा हात खांद्यापर्यंत आला, तिथं थांबला, तिनं पुढे बसलेल्या नवऱ्याच्या पाठीकडे पाहिलं आणि मग हात पूर्ण वर केला. मग साऱ्या भिंतीवरून बांगड्या किणकिणल्या. पुढचे पुरुष मागे वळून आपापल्या बायका शोधत होते आणि प्रत्येकाला आपली सापडत होती. प्रेमानंदचा हात वरच राहिला होता, तो खाली घ्यायचा हे त्याला उमगेना. इतकी दारं, इतके पेले, इतकी परसं. त्याला वाटायचं ही वेडी नुसतंच पाणी पीत फिरते.

सरांनी मोजायला सुरुवात केली आणि मध्येच सोडून दिली. हिंमतरावांनी खुर्चीचे हात थोपटले. "बरं," ते म्हणाले, "चिवडा तं वाटा."

पहिल्याच बैठकीत ठराव झाला. वंदना सदस्य होती, अनुमोदन तिचं. ठराव आणि आमदारांचं पत्र घेऊन बेबीताई त्याच टेबलापुढे गेली. साहेबांनी कागद घेतले. "अध्यक्षांची सही पाहिजे इथं," ते म्हणाले. ती म्हणाली, "करतो ना. आमदाराचीच होणार होती, थोडक्यात हुकली." साहेब इतके हसले की जेवायला जायचं विसरले. मंजुरी उन्हाळ्यात आली, एका अटीवर: वर्गाला खोली पाहिजे. शाळेला जास्तीची खोली नव्हती. व्हरांडा होता. समितीत ठरलं की व्हरांड्याला भिंत घालायची, मजुरी प्रेमानंदची फुकट, आणि विटा? वंदना म्हणाली, आमच्या परसात न्हाणीघराच्या उरलेल्या पडल्या हायेत, मामाजी न्या म्हणले.

प्रेमानंद हातगाडी घेऊन विटा आणायला गेला. सवयीनं तो बोळीकडे वळला. दहा पावलं गेला असेल. मग थांबला, हातगाडी तिथंच सोडली आणि फिरून पुढच्या फाटकाशी आला. ओसरीवर कुणी नव्हतं. दरवाजा उघडा होता. आपण इथं काय म्हणून आलो, हाक काय मारायची, त्याला काही सुचेना. विटा तर मागे होत्या. घसा कोरडा पडला, एका दाराशी. ती अशा किती दारांशी उभी राहिली असेल, रोज, आणि संध्याकाळी घरी येऊन पुन्हा भाकरी थापत होती.

आतून वच्छलाबाईंनी वाकून पाहिलं. "कोण? प्रेमानंद? काय पाहिजे रे?"

"माय," प्रेमानंद म्हणाला, "थोडं पाणी द्या."

म्हातारी पेला घेऊन आली आणि त्याच्या हातात दिला. तो उभ्या उभ्या प्यायला.

"विटा न्याले आला ना?" ती म्हणाली. "मंग विटा बोळीतून ने. घरातून नेशील तं झाडाले कोण येईन, तुही आमदारीण?"

"नाही माय. बोळीतूनच नेतो."

"आणि ते फरशी पाहून जाजो नळाखालची. इकून ये, इकून. चपला काढ."

प्रेमानंदनं चपला काढल्या आणि ओसरी चढला. देव्हारा डाव्या हाताला होता. टीव्ही उजव्या.

जूनमध्ये व्हरांड्याच्या नव्या भिंतीआड सहावीचा वर्ग भरला. पहिल्या बाकावर मंजुश्री आणि छकुली, शेजारी शेजारी, मागे आणखी सहा पोरी आणि चुकून राहिलेला एक पोरगा. प्रेमानंद बाहेरून भिंतीवर हात फिरवत उभा होता. पोरगी आत मोठ्यानं वाचत होती आणि भिंत ओळंब्यात होती. बेबीताई हातात एक कागद घेऊन फाटकाशी वंदनाशी काहीतरी बोलत होती. तिचा पुढचा कागद कशाचा आहे, हे विचारायची त्याची छाती झाली नाही.

तरी त्यानं जाता जाता मोपेडमध्ये पेट्रोल किती आहे ते पाहून ठेवलं.